भाड्याच्या घरातले जुने रेडिएटर: काय बदलून घ्यावं, काय राखावं

भाड्याचं घर थंड राहिलं की भाडेकरू दोन बिलं भरतो. एक सेंट्रल हीटिंगचं, म्हणजे बॉयलरमधलं गरम पाणी भिंतींवरच्या लोखंडी रेडिएटरमधून फिरवून घर तापवण्याचं, आणि दुसरं ते पुरत नाही म्हणून आणून ठेवलेल्या विजेच्या हीटरचं. हे दुसरं बिल घरमालकाच्या नजरेला कधी पडतच नाही. त्याच्या लेखी भिंतीवर रेडिएटर आहेत, बॉयलर चालू आहे, विषय संपला. जुने, अपुरे रेडिएटर वर्षानुवर्षं जागचे हलत नाहीत याचं मोठं कारण हेच आहे असं मला ठामपणे वाटतं. आम्ही आमच्या घरात यातून वाट काढली. ती कशी, ते सगळं तपशिलात लिहितेय.

आधी घराविषयी थोडं. इमारत जुनी, भक्कम विटांची, भिंतींना आतून-बाहेरून कसलंही उष्णतारोधक अस्तर नाही. बैठकीच्या खोलीत बिडाचा, उभ्या खांबांचा जाडजूड रेडिएटर. बाकी खोल्यांत नंतर कधीतरी बसवलेले पत्र्याचे सपाट पॅनेल. सगळ्यांना गरम पाणी पुरवणारा बॉयलर एकच. माझी कामाची खोली मागच्या कोपऱ्यात आहे, तिच्या दोन भिंती बाहेरच्या. हिवाळ्यात सकाळी तिथं पारा पंधरा-सोळाच्या वर सरकत नसे आणि त्याच वेळी बैठकीत मात्र खिडकी किलकिली करावी लागे.

अशा घरात दोन तक्रारी असतात आणि त्या एकमेकींत मिसळल्या की सगळा घोळ होतो. पहिली तक्रार, रेडिएटरच नीट तापत नाही. दुसरी, रेडिएटर चांगला तापतो पण खोली तापत नाही. पहिलीवर उपाय म्हणजे साफसफाई आणि दुरुस्ती. नवा रेडिएटर लागतो तो दुसरीसाठी. गाळानं तुंबलेल्या पाइपांवर नवाकोरा रेडिएटर बसवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. काही महिन्यांत तोही थंड पडतो, आणि मग घरमालक म्हणतात, नवीन लावून दिला तरी तुमची तक्रार आहेच.

पाणी कुठं मुरतंय हे हातानंच कळतं. हीटिंग चालू करून अर्ध्या-पाऊण तासानं प्रत्येक रेडिएटरवर वरून खाली हात फिरवायचा, भाजणार नाही इतपत जपून. खाली गरम आणि वर गार असेल तर आत हवा कोंडलीय. वर गरम आणि तळाशी मधोमध गार असेल तर आत गाळ बसलाय. अख्खाच गार असेल तर बहुतेक व्हॉल्व्ह अडकलाय. आणि बॉयलरजवळचे कडक तापतात, लांबचे कोमटच राहतात असं असेल तर पाण्याची वाटणी बिघडलीय.

हवा काढायचं काम कुणालाही जमतं. हीटिंग बंद करून रेडिएटर निवू द्यायचा, वरच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनी खिट्टीला चावी लावायची, खाली फडकं धरायचं आणि जेमतेम पाव ते अर्धा फेरा सैल करायचं. आधी फुस्स करत हवा येते, मग थुंकल्यासारखं पाणी, मग एकसलग धार. धार आली की लगेच बंद. नंतर बॉयलरवरचा दाब बघायचा. बंद यंत्रणेत तो गार असताना साधारण १ ते १.५ बार असावा लागतो. कमी झाला असेल तर पाणी भरावं लागतं. संपूर्ण इमारतीचं हीटिंग एकत्र असेल तर मात्र भाडेकरूनं त्याला हात लावू नये. एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. एकाच रेडिएटरमधून पुन्हापुन्हा हवा निघत असेल तर ती साधी हवा नसूही शकते. आतलं लोखंड गंजताना हायड्रोजन तयार होतो आणि तो पेट घेतो. म्हणून हे काम करताना जवळपास मेणबत्ती, सिगारेट, काहीही नको, आणि असं वारंवार होत असेल तर प्लंबरला सांगायलाच हवं.

व्हॉल्व्हचं प्रकरण मला सगळ्यात जवळून बघायला मिळालं. थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह म्हणजे आकड्यांची ती गोल मूठ. तिच्या पोटात मेणाची किंवा द्रवाची एक डबी असते. खोली तापली की डबीतला पदार्थ फुगतो आणि खालची बारीक पिन दाबतो, पिन पाण्याची वाट बंद करते. विजेचा संबंध नाही, बॅटरी नाही. डेन्मार्कच्या मॅड्स क्लाउसेन यांनी १९४३ साली हा व्हॉल्व्ह शोधला, डॅनफॉस ही त्यांचीच कंपनी. इतकी साधी युक्ती आजही घराघरांत तशीच चालते आहे याचं मला खरंच कौतुक वाटतं. झोपायच्या खोलीतला आमचा रेडिएटर अख्खा गार होता. मूठ पाचवर, तरी गारच. मुठीखालची कडी सैल करून मूठ उपसली. पाणी सांडत नाही, कारण मूठ फक्त वरून बसलेली असते. खाली पितळेच्या बुडख्यातून आगपेटीच्या काडीइतकी पिन डोकावत होती. ती पूर्ण खाली रुतून बसली होती. कुणीतरी उन्हाळाभर मूठ शून्यावर ठेवली असणार, त्या दाबानं ती तिथंच चिकटली. पान्याच्या सपाट बाजूनं हलकेच टकटक केली, कडेला तेलाचा थेंब सोडला, पुन्हा दाबलं, सोडलं. थोड्या वेळानं ती टचकन वर आली आणि पाइपात पाणी खळखळल्याचा आवाज आला. पिन पकडीनं उपटायची मात्र नाही, ती हातात आली तर पाण्याचं कारंजं सुरू होईल. आणि उन्हाळ्यात मूठ पूर्ण उघडी ठेवायची, म्हणजे ही वेळच येत नाही.

त्या आकड्यांविषयीही सांगते. आकडा रेडिएटर किती तापेल ते ठरवत नाही, खोली किती तापल्यावर तो थांबेल ते ठरवतो. तीन म्हणजे बहुतेक व्हॉल्व्हवर साधारण २० अंश. पाचवर नेऊन खोली लवकर तापत नाही, फक्त नको तितकी तापत राहते. ज्या खोलीत भिंतीवरचा मुख्य थर्मोस्टॅट आहे, तिथली मूठ पूर्ण उघडीच ठेवायची. नाहीतर दोन थर्मोस्टॅट एकाच खोलीवर भांडत बसतात आणि बाकीच्या घराला त्याचा फटका बसतो.

इतकं केल्यावर झोपायची खोली सुधारली. स्वयंपाकघराचा रेडिएटर वर गरम, तळाला गारच राहिला. म्हणजे गाळ. हे काम आम्ही स्वतः केलं नाही, घरमालकांनी प्लंबर पाठवले. त्यांनी दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद केले, खाली पसरट भांडं आणि जुनी चादर घातली, रेडिएटर सोडवला आणि दोन्ही तोंडांना बुचं मारून तो बाहेर नेला. नळीनं पाण्याचा झोत सोडल्यावर आतून जे आलं ते डांबरासारखं काळंकुट्ट होतं. हे मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंडाचा काळा ऑक्साइड, रेडिएटरच्या स्वतःच्याच पत्र्यातून झिजून आलेला. प्लंबरनी खिशातलं लोहचुंबक त्या गाळात धरलं, आणि सगळा चिखल केसाळ होऊन त्याला चिकटला. म्हणूनच बॉयलरकडे परतणाऱ्या पाइपवर चुंबकाचा फिल्टर बसवतात, आणि पाण्यात गंजरोधक औषध घालतात. आमच्या यंत्रणेत दोन्ही नव्हतं. मी तिथंच त्यांना सांगितलं की हे लेखी द्या, घरमालकांना पाठवायचं आहे. त्यांनी दिलं. या एका कागदाचा पुढं फार उपयोग झाला, कारण गाळ शेवटी बॉयलरच्या पंपात आणि हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे पाणी तापतं त्या भागात जातो, आणि बॉयलर ही घरमालकाची सगळ्यात महागडी वस्तू.

वाटणी नीट करायचं काम कंटाळवाणं आहे पण फुकट आहे. रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकच्या टोपीखाली एक व्हॉल्व्ह असतो, त्याला लॉकशील्ड म्हणतात. तो पूर्ण बंद होईपर्यंत किती फेरे बसतात ते मोजून लिहून ठेवायचं, म्हणजे बिघडलं तरी मूळपदावर आणता येतं. मग बॉयलरजवळच्यांची वाट अरुंद करत जायची आणि लांबच्यांची मोकळी. पाणी नेहमी सोपी वाट धरतं, ती सोपी वाट थोडी अवघड करायची एवढंच. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपमध्ये दहा ते वीस अंशांचा फरक, बॉयलरप्रमाणे, हे लक्ष्य. बैठकीतल्या बिडाच्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह बराच आवळल्यावर तिथली खिडकी उघडायची गरजच उरली नाही. हे सगळं गरम पाण्याच्या यंत्रणेसाठी आहे. जुन्या इमारतींत कुठं कुठं वाफेचे रेडिएटर असतात, त्यांना यातलं काही लागू नाही.

हे सगळं झालं आणि माझी कामाची खोली तरीही थंडच. पण आता तिथला रेडिएटर वरपासून खालपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा गरम होता. म्हणजे ही दुसरी तक्रार. इथं रेडिएटरच लहान आहे.

लहान म्हणजे किती, हे अंदाजानं न बोलता हिशेबानं मांडलं तर घरमालकाला टाळता येत नाही. खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, २.५ मीटर उंच. बाहेरच्या दोन भिंती, खिडकी वगळून, साधारण १५.५ चौरस मीटर. अस्तर नसलेल्या नऊ इंची विटांच्या भिंतीतून प्रत्येक चौरस मीटरला, आत-बाहेरच्या प्रत्येक अंशाच्या फरकाला सुमारे २ वॉट उष्णता निसटते. बाहेर शून्य आणि आत २० धरलं तर भिंतींतून ६२० वॉट गेले. २ चौरस मीटरची एकेरी काचेची खिडकी, तिचा आकडा सुमारे ५, म्हणजे आणखी २००. तासाला एकदा खोलीतली हवा बदलते असं धरलं तर त्या हवेला तापवायला अजून २०० च्या आसपास. वरची-खालची घरं तापलेली असल्यामुळे छत आणि जमीन सोडून दिली. एकूण हजार वॉटच्या वर थोडं. आणि भिंतीवर होता तो ६०० मिलिमीटर उंच, १ मीटर लांब, एकेरी, मागं पन्हाळ्या (म्हणजे हवेला जास्त उष्णता देणारे घड्यांचे पातळ पत्रे) नसलेला पत्रा. असा पत्रा पूर्ण तापमानाला सहाशे वॉटच्या आसपास देतो. त्याला कितीही धुतलं, पुसलं, हवा काढली तरी तो हजार वॉट देणार नाही.

पूर्ण तापमान म्हणजे काय हेही बघायला हवं. युरोपीय मानकात रेडिएटरचे वॉट मोजताना आत येणारं पाणी ७५ अंश, बाहेर जाणारं ६५ आणि खोली २० अंश धरतात. म्हणजे पाण्याची सरासरी खोलीपेक्षा ५० अंश जास्त. हा फरक ३० वर आणला तर रेडिएटर निम्मीच उष्णता देतो. रेडिएटर विकत घेताना कागदावरचा आकडा बघून लोक खूश होतात आणि घरी पाणी ५५ अंशांचंच फिरवतात. मग कमी का पडतं म्हणून विचारतात.

याला दुसरी बाजू आहे आणि तीच मी घरमालकांना लिहिलेल्या पत्रात वापरली. रेडिएटर लहान असला की खोली तापवायला पाणी जास्त गरम ठेवावं लागतं. आजचे कंडेन्सिंग बॉयलर धुरातली वाफ थंड करून तिची उष्णता परत मिळवतात, पण त्यासाठी परतणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असावं लागतं. जितकं कमी तितकं चांगलं. म्हणजे लहान रेडिएटर चांगल्या बॉयलरलाही वाया घालवतो. उद्या हीट पंप, म्हणजे बाहेरची उष्णता खेचून आत आणणारं विजेचं यंत्र, बसवायचा म्हटलं तर त्यालाही कमी गरम पाणी आणि मोठे रेडिएटरच लागणार. रेडिएटर भिंतीला राहणार, भाडेकरू जाणार, त्यामुळे हा खर्च घराचा आहे, माझा नाही, हे मी नम्रपणे पण स्पष्ट लिहिलं. सोबत काही आठवड्यांच्या सकाळ-संध्याकाळच्या तापमानाची नोंद, खिडकीच्या कडेला धरलेल्या बुरशीचे फोटो, प्लंबरचा कागद आणि वरचा हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या घर आणि आरोग्यविषयक मार्गदर्शक सूचनांत थंडीच्या दिवसांत घरात किमान १८ अंश सुचवले आहेत, तेही एका ओळीत टाकलं. "घर फार थंड आहे हो" या वाक्याला उत्तर म्हणून स्वेटर घाला असं ऐकायला मिळतं. कागदावर मांडलेल्या हिशेबाला तसं उत्तर देता येत नाही.

घरमालकांनी आधी सगळेच रेडिएटर बदलू म्हटलं. मीच नको म्हटलं. बैठकीतला बिडाचा काढायचा नाही, हा माझा आग्रह होता. बीड हळू तापतं आणि हळू निवतं, हीटिंग बंद झाल्यावरही बराच वेळ ऊब देत राहतं. पोटात पाणी भरपूर, पृष्ठभाग भरपूर, आणि असा रेडिएटर कमी तापमानाच्या पाण्यावरही चांगलं काम करतो. रेडिएटर म्हणून पहिल्यांदा जी वस्तू ओळखली गेली ती सेंट पीटर्सबर्गमध्ये १८५० च्या दशकात फ्रांझ सान गाल्ली यांनी बनवली, तीही बिडाचीच. आमच्याकडच्याला कुणीतरी चंदेरी रंग फासला होता. धातूची भुकटी असलेल्या रंगानं किरणांवाटे बाहेर पडणारी उष्णता घटते, आणि फरक पडतो तो सगळ्यात वरच्या थराचाच. म्हणून घरमालकांना विचारून त्यावर साधा, उष्णता सोसणारा पांढरा रंग दिला. जुना रंग खरवडला नाही. जुन्या थरांत शिसं असू शकतं, आणि ती धूळ घरात, विशेषतः मुलांच्या श्वासात, नको.

कामाच्या खोलीत मात्र नवा आला. त्याच उंचीचा, त्याच लांबीचा, पण टाइप २२, म्हणजे दोन पत्रे आणि मध्ये पन्हाळ्यांच्या दोन रांगा. पहिला आकडा पत्र्यांचा, दुसरा पन्हाळ्यांचा, एवढं कळलं की दुकानातली सगळी नावं उलगडतात. ११ म्हणजे एक-एक, २१ म्हणजे दोन पत्रे आणि एक रांग. याची क्षमता पूर्ण तापमानाला सुमारे १७०० वॉट, आणि पाण्याची सरासरी ६० अंशांवर आणली तरी साडेबाराशेच्या आसपास. हिशेबातल्या हजाराला पुरून उरणारी. लांबी तीच ठेवल्यामुळे जमीन उकरावी लागली नाही. तरी नवा रेडिएटर जाड, त्यामुळे जोड भिंतीपासून थोडा पुढं आला आणि प्लंबरना दोन्ही पाइपांचे शेवटचे तुकडे बदलावे लागले. हे आधीच मोजून घ्यायला सांगा. नाहीतर अर्धं काम झाल्यावर घोडं अडतं आणि खोली आठवडाभर उघडी राहते. वजनही बघा, पाणी भरल्यावर हा चांगलाच जड होतो. पोकळ भिंतीवर कंस कशाला ठोकतोय ते तपासल्याशिवाय टांगू देऊ नका. त्याच भेटीत फिल्टर बसला, सगळी यंत्रणा धुतली, औषध घातलं, आणि मी वहीतले फेरे बघून वाटणी पुन्हा लावली, कारण एक रेडिएटर बदलला की बाकी सगळ्यांचं गणित हलतं.

आमच्या खर्चानं आम्ही फक्त इलेक्ट्रॉनिक थर्मोस्टॅट मुठी घेतल्या. व्हॉल्व्ह तोच राहतो, वरची मूठ बदलते. बऱ्याच व्हॉल्व्हवर ३० मिलिमीटरचे, दीड मिलिमीटर अंतराचे आटे असतात, वेगळे असतील तर जोडतुकडा मिळतो. जुन्या मुठी खोलीचं नाव लिहून एका खोक्यात ठेवल्यात, घर सोडताना परत लावायच्या. बाहेरच्या भिंतीवर रेडिएटरमागं परावर्तक पत्रा सरकवला, त्याचा फायदा थोडा आहे पण भिंत अशी उघडी असेल तर तो घ्यावा. आणि खिडकीचे पडदे रेडिएटरच्या वर संपतील इतके आखूड केले. लांब पडद्यामागं रेडिएटर असला की त्याची सगळी ऊब काचेला मिळते.

कामाच्या खोलीत आता सकाळी १९ असतात. बॉयलरचं पाणी आम्ही ६५ वर आणलंय, आणि विजेचा हीटर आवरून ठेवलाय. न्हाणीघरातला पत्रा राहिलाय, तळाच्या सांध्याशी गंजून फुगलेला. तिथं पाणी झिरपायला लागायच्या आत तो बदलून घ्यायचा असं पत्र गेल्या आठवड्यात गेलंय. यावेळी फोटो आणि मापं पहिल्याच पत्रासोबत जोडली आहेत.